कीरतीची बाजू घेऊन

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू बँकॉकमध्ये रोज ज्या कालव्यातून बोटीने ऑफिसला जातेस, त्याच सेन सेपमध्ये 'प्ले काव'चा नायक ख्वान मेला, हे मला कधी बोलली नाहीस. सिनेमा पाहिला तेव्हा कळलं. चेर्ड सोंगश्रींचा 1977 चा थाई सिनेमा, आणि कादंबरी त्याच्याही आधीची, 1936 ची. गोष्ट घडते ते तेव्हाचं बांग कापी म्हणजे भातखाचरं आणि म्हशी. तुझ्या फोटोंत मॉलशिवाय काही दिसत नाही. ख्वान आणि रियामच्या घरांत हाडवैर, पोरांनी देवासमोर घेतलेली शपथ, बापाने पोरीला बँकॉकच्या श्रीमंत बाईकडे विकलेली. शेवटी तो कालव्यात जातो आणि ती त्याच्याच सुऱ्याने त्याच्यामागे. बाप, पैसा, वैर, सगळं डोळ्यांना दिसणारं. असल्या गोष्टीवर रडून मोकळं होता येतं. मी झाले.

तुमच्या त्या रोजच्या लकोनचं, टीव्हीवरच्या मालिकांचं, मात्र मला सांगू नकोस. नायिका थोबाडीत मारते, नायक तिला धरून बळेच मुका घेतो, आणि दहा भागांनंतर ती त्याच्यावर जीव टाकते. याला प्रेम म्हणत असतील तर म्हणोत बापडे. मी दोन भागांत बंद केलं.

'खू काम' वेगळं. ती कथा थाई लेखिका थॉमयंतीबाईंची. 1990 ची मालिका तू म्हणालीस म्हणून पाहायला घेतली आणि त्यातल्या नायकाने, थोंगचायने, तुमच्या बर्डने, मला पार गुंतवून टाकलं. डिसेंबर 1941 मध्ये जपानी फौज थायलंडमध्ये उतरलेली, नदीपलीकडे थोनबुरीत राहणारी अंग्सुमालिन, आणि गोदीवर नेमलेला जपानी अधिकारी कोबोरी. लग्न राजकारणापायी लागतं. तिने इंग्लंडला शिकायला गेलेल्या वनुसला शब्द दिलेला, शिवाय हा शत्रूच्या गणवेशातला. पोटात मूल, मनात तो, आणि तोंडाने एक शब्द नाही. बांगकॉक नोईच्या स्टेशनावर बॉम्ब पडतात, ती त्याला ढिगाऱ्यातून शोधून काढते आणि तेव्हा कुठे सांगते. त्याच्याकडे ऐकायला फारसा वेळच उरलेला नसतो. बाहेरच्या लढाईने तिचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त तिच्या हट्टाने केलं, असं माझं मत. पण तिला मी माफ केलं. गावावर बॉम्ब पडत असताना शत्रूवर प्रेम आहे हे स्वतःशी कबूल करणंसुद्धा सोपं नसणार.

आता 'चित्रामागे' या थाई कादंबरीची नायिका कीरती. तू म्हणतेस, तिच्यावर जीव लावून विसरणारा नोप्पॉर्न नालायक. तुझं हे म्हणणं मला पटत नाही.

'चित्रामागे' हे 1937 चं पुस्तक. त्याच्या पाचच वर्षं आधी सयाममधली, म्हणजे आताच्या थायलंडमधली, राजाची एकहाती सत्ता गेली होती, आणि कीरती त्याच मावळत्या राजघराण्यातली. वाड्याच्या आत वाढलेली, चित्रं काढणारी, देखणी. तारुण्य प्रेमाची वाट बघण्यात गेलं आणि पस्तिशीत पन्नाशीच्या विधुराशी लग्न झालं. तो तिला जपानला घेऊन येतो. तिथे शिकणारा बावीस वर्षांचा नोप्पॉर्न त्यांना सगळं हिंडवून दाखवतो, आणि मिताकेच्या ओढ्याकाठी जे व्हायचं ते होतं. पोरगा वेडा होतो. ती मायदेशी परतल्यावर पत्रांवर पत्रं लिहितो. ती काय उत्तर देते? अभ्यासात लक्ष घाल. शहाण्या बाईने शहाणा सल्ला दिला आणि पोराने तो ऐकला, एवढाच त्याचा गुन्हा. वर्षं गेली, त्याची आग विझली, ती त्याच्या लेखी थोरल्या बहिणीसारखी झाली. मध्यंतरी तिचा नवरा वारला. इथेच मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले, खोटं वाटेल तुला. मला वाटलं, चला, सुटली बिचारी. दार उघडलं.

आणि तरी ती बसून राहते. नोप्पॉर्न परततो, वडिलांनी ठरवलेल्या मुलीशी लग्न करतो, कीरती क्षयाने खंगते आणि मरताना त्याला मिताकेचं तिने काढलेलं चित्र देते. आपल्यावर प्रेम करणारं कुणी नसताना आपण जातोय, पण आपल्यापाशी प्रेम करायला कुणी होतं, याचं समाधान आहे, अशा अर्थाचं ती शेवटी लिहून ठेवते. थायलंडमधली कितीतरी माणसं या ओळीवर रडली असतील. मला राग आला. इतक्या वर्षांत एक वाक्य, बये, एकच वाक्य लिहायचं होतंस त्या पत्रांत!

तरीही मी तिच्याच बाजूची. कारण तिला शिकवलेलंच नव्हतं की बाईनेही विचारायचं असतं. आमच्या वेळी आम्हालाही नव्हतं शिकवलं. या लेखकाचं, सीबुराफाचं, मला विशेष वाटतं. ओढ म्हणजे काय ते त्याने कल्पनेतून लिहिलं आणि मग स्वतः भोगलं. 1952 मध्ये सरकारने तुरुंगात घातलं, सुटला, 1958 मध्ये चीनला गेलेला असताना मागे लष्कराने सत्ता घेतली. परत जाता आलं नाही. 1974 मध्ये पेकिंगलाच वारला. त्याच्यापुढची भिंत खरी होती. कीरतीची पुढे पुढे नव्हती.

मी हे सगळं का उगाळतेय ते तुला समजलं असेल. मागच्या महिन्यात तू एक नाव घेतलंस आणि लगेच "आई, ते शक्य नाही" म्हणून विषय बंद केलास. मी तेव्हा काही विचारलं नाही, आत्ताही नाव-गाव, जात-धर्म, पगार काही विचारत नाही. बाबांची चिंता असेल तर ती माझ्यावर सोड. ते आरडाओरडा करतील आणि चौथ्या दिवशी त्याला आमरस आवडतो का म्हणून विचारतील.

मला एवढंच कळव. त्याला लग्न झालेली बायको असेल, किंवा त्याने स्वतःच नाही म्हटलं असेल, तर तसं लिही. मी हा विषय परत काढणार नाही आणि तुला रडायचं असेल तर तिकीट काढून तिथे येईन. पण तू त्याला अजून विचारलंच नसशील, तर हे "शक्य नाही" तू कोणाच्या वतीने ठरवून टाकलंस?

मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. भाजणी फ्रीजमध्ये ठेव, तिथल्या दमट हवेत किडे होतील.

तुझी,
आई