सेंट लुइस : नदीपासून सुरुवात कर

प्रिय मंद्या,

तुझी यादी वाचली. गेटवे आर्च ही कमान, प्राणिसंग्रहालय, बेसबॉलचं मैदान आणि शेवटी 'वेळ उरला तर एखादं म्युझियम'. यादी वाईट नाही, पण उलटी आहे. सेंट लुइस वसलं मिसिसिपी नदीमुळे आणि मग हळूहळू नदीकडे पाठ करून पश्चिमेला सरकत गेलं. म्हणून तूही नदीपासून निघ आणि पश्चिमेकडे येत जा, म्हणजे अडीचशे वर्षं आपोआप ओळीने लागतील. आणखी एक. आपलंच जुनं पाडायचं आणि त्याच जागी स्मारक उभारायचं, ही या गावाची जुनी खोड आहे. जे दिसेल त्याच्या जागी आधी काय होतं, हे विचारत फिर. ऑक्टोबर निवडलास ते उत्तम केलंस. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट असते.

पहिल्या सकाळी ईड्स पूल. मेट्रोलिंकने (इथली शहरी रेल्वे) लाक्लीड्स लँडिंग स्टेशनवर उतर, पुलाच्या वरच्या मजल्यावर ये आणि दक्षिणेच्या फुटपाथने चालत नदी ओलांड. त्याच बाजूने कमान पूर्ण दिसते. रमतगमत अर्धा तास लागेल. पलीकडे ईस्ट रिव्हरफ्रंट स्टेशन आहे, तिथून गाडी पकडून परत ये. ती गाडी याच पुलाच्या खालच्या मजल्यावरून धावते. तिकडचा भाग निर्मनुष्य असतो, त्यामुळे हे दिवसाउजेडीच करायचं.

पूल १८७४ चा. जेम्स ईड्सने त्याआधी एकही पूल बांधला नव्हता. बुडालेल्या आगबोटींमधला माल वर काढण्याचा त्याचा धंदा होता, म्हणून डायव्हिंग बेलमध्ये (पाण्यात सोडायच्या, खालून उघड्या हवेच्या पेटीत) बसून तो मिसिसिपीच्या तळावर उतरला होता. पुराच्या वेळी तळाची वाळूसुद्धा वाहत असते, तेव्हा खांब थेट खडकावरच टेकवायला हवेत, हे त्याला तिथेच कळलं. त्यासाठी त्याने केसन वापरले. केसन म्हणजे उपडं घातलेलं प्रचंड लोखंडी पातेलं. आत दाबाखालची हवा भरायची, म्हणजे पाणी बाहेर राहतं. आत माणसं वाळू उपसतात, वर दगडी बांधकाम चढत जातं आणि त्या वजनाने पातेलं खाली खाली बसतं. गडबड झाली ती माणसं वर येताना. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन एकदम बाहेर पडतो आणि त्याचे बुडबुडे होतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. नव्वद फुटांखाली गेल्यावर कामगार वर येऊन कोसळू लागले. डझनाहून जास्त दगावले. पुढे पाळ्या लहान केल्या तेव्हा प्रमाण घटलं.

दोन खांबांमधलं अंतर पाचशे फुटांच्या वर का, हेही पाहून ठेव. आगबोटवाल्यांना आणि फेरीबोटी चालवणाऱ्यांना पूल नकोच होता. बोटींना अडथळा नको म्हणून एवढे रुंद गाळे ठेवावे लागले, आणि एवढ्या रुंदीला ओतीव लोखंड पुरलं नसतं म्हणून पोलाद आलं. तोवर इतक्या मोठ्या पुलाला पोलाद कुणी वापरलं नव्हतं. १८७३ च्या सप्टेंबरमध्ये पुलाच्या कमानीचे दोन अर्धे जुळवायची वेळ आली, तर उन्हाने तिच्या पोलादी नळ्या प्रसरण पावून मधली फट कमी पडली. बर्फात गुंडाळून पाहिलं, तरी जमेना. शेवटी लांबी कमीजास्त करता येईल असा स्क्रूचा जोड घालून काम उरकलं. उद्घाटनापूर्वी लोकांची भीती जावी म्हणून पुलावरून हत्ती चालवला. कच्च्या पुलावर हत्ती पाय ठेवत नाही अशी समजूत होती.

आता कमान. काकूंना वर न्यायचं का, हे आधीच ठरव. ट्रॅमचा डबा गोल, छोटा, पाच खुर्च्यांचा, आणि दार जेमतेम चार फूट उंच. वाकून शिरायचं आणि गुडघ्याला गुडघा लावून चार मिनिटं बसायचं. उतरायला तीन मिनिटं. असे आठ डबे एका गाडीला. पायाच्या तिरक्या पोकळीतून जाताना डबे आपापल्या आसाभोवती फिरून सरळ राहतात. त्याचा खटका दर काही सेकंदांनी ऐकू येतो, घाबरायचं कारण नाही. खरी अडचण पायऱ्यांची आहे : जाऊन-येऊन निदान ९६, आणि व्हीलचेअर नेता येत नाही. काकूंचे गुडघे आता कसे आहेत ते तुला ठाऊक. खाली डब्याची प्रतिकृती ठेवली आहे, तिच्यात बसवून पाहा. नाही जमलं तर त्या खालच्या म्युझियममध्ये रमतील. ते फुकट आहे आणि माझ्या मते वरच्या खिडक्यांपेक्षा सरस आहे.

तिकीट वेळेचं असतं. शनिवार-रविवारचं आधीच ऑनलाइन काढ आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोच, कारण विमानतळासारखी तपासणी आहे. खिशातला चाकूसुद्धा चालत नाही. वेळ सकाळची घे. खिडक्या पूर्वेला आणि पश्चिमेला आहेत. सकाळी ऊन पाठीमागून येतं, त्यामुळे पश्चिमेकडचं शहर उजळलेलं असतं आणि त्यावर कमानीची सावली पडलेली दिसते. दुपारनंतर नदीची बाजू चांगली. खिडक्या इतक्या अरुंद (७ इंच बाय २७ इंच) की तिरक्या भिंतीवर पोट टेकून खाली पाहावं लागतं.

कमान ६३० फूट उंच आणि पायथ्याशी तेवढीच रुंद आहे, पण डोळ्याला उंची जास्त वाटते. पाय खाली त्रिकोणी, ५४ फुटी बाजूंचे, आणि टोकाला १७ फूट, त्यामुळे नजर वर खेचली जाते. वास्तुकार एरो सारिनेनने आराखड्याची स्पर्धा जिंकली १९४८ मध्ये. तो १९६१ मध्ये गेला आणि कमान पुरी झाली २८ ऑक्टोबर १९६५ ला. शेवटचा तुकडा बसवताना पुन्हा तीच भानगड : उन्हाने दक्षिणेचा पाय फुगला. या वेळी बर्फाऐवजी अग्निशमन दलाचे पाइप लावून त्यावर पाणी मारत राहिले.

या हिरवळीवर उभं राहून विचार कर की इथे नदीकाठचे चाळीस ब्लॉक होते. बिडाच्या दर्शनी भागांची गोदामं, फरच्या व्यापाराच्या वखारी. फ्रेंच व्यापारी पिएर लाक्लीड आणि त्याच्या हाताखालचा पोरगेला ऑग्युस्ट शुतो यांनी १७६४ मध्ये वसवलेलं मूळ गाव हेच. १८४९ च्या आगीत ते एकदा जळलं (आग धक्क्याला लागलेल्या आगबोटीवरून पसरली), पुन्हा बांधलं, आणि १९४० च्या आसपास अमेरिकेच्या पश्चिम विस्ताराचं स्मारक करण्यासाठी सरकारने जमीनदोस्त केलं. वाचलं ते १८३४ चं जुनं कॅथेड्रल. कमानीच्या शेजारीच आहे, पाच मिनिटं तरी आत जा.

समोर घुमटाचं जुनं न्यायालय आहे. दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या गुलाम दांपत्याने स्वातंत्र्यासाठी १८४६ मध्ये दावा लावला तो इथेच. १८४७ मध्ये हरले, १८५० मध्ये जिंकले, वरच्या कोर्टाने निकाल फिरवला, आणि १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारलं. म्युझियम पाहिल्यावर लगेच इथे ये. पश्चिमेच्या विस्ताराची दुसरी बाजू इथे कळते.

तिथून चालत वेनराइट बिल्डिंग, १८९१, वास्तुकार लुइस सलिव्हन. दहा मजले म्हणजे तुला काहीच वाटणार नाही. पण इमारत उंच आहे हे लपवण्याऐवजी मिरवावं, हा विचार इथे स्पष्ट दिसतो. उभे खांब अखंड वर गेलेत, आडव्या पट्ट्या मागे ढकलल्या आहेत. समोरच्या फुटपाथवरून छताखालची टेराकोटाची नक्षी बघ. याच सलिव्हनने वेनराइट घराण्यासाठी बेलफाँटेन स्मशानभूमीत एक घुमटाकार समाधी केली आहे, गाडी असेल तर जा. शेजारच्या कॅल्व्हरी स्मशानात ड्रेड स्कॉटची कबर आहे. तिच्यावर लोक एक सेंटची नाणी ठेवतात, कारण नाण्यावर लिंकन आहे.

मग सेंट्रल वेस्ट एंड भागातलं नवं कॅथेड्रल. बांधकाम १९०७ मध्ये सुरू झालं, मोझेइक १९१२ मध्ये लागायला लागलं आणि संपलं १९८८ मध्ये. चार कोटी पंधरा लाख तुकडे, सात हजारांहून जास्त रंगछटा. सगळा खेळ उजेडाचा आहे. तुकडे मुद्दाम एकसारखे सपाट बसवलेले नसतात, त्यामुळे आपण चालू लागलो की सोनं हलतं. म्हणून उन्हाचा दिवस आणि दुपारची वेळ निवड, आणि दुर्बीण ने, कारण उत्तम काम घुमटात आहे. प्रवेशाच्या ओवरीत फ्रान्सच्या नवव्या लुई राजाचं चरित्र आहे, ते बहुतेक जण न पाहताच पुढे जातात. बाजूच्या चॅपलमधलं काम इटालियन पद्धतीचं, टिफनीचं. मुख्य सभागृहातलं बायझंटाइन वळणाचं. फरक लगेच कळतो. प्रार्थना चालू असताना फिरू देत नाहीत, वेळा आधी बघ.

वाटेत ग्रँड सेंटरला पुलित्झर आर्ट्स फाउंडेशन आहे, जपानी वास्तुकार तादाओ आंदोची इमारत, २००१ ची, प्रवेश फुकट. चित्रं काय लावलीत यापेक्षा काँक्रीट आणि आतलं पाणी बघायला जायचं. आठवड्याच्या सुरुवातीला बंद असतं.

फॉरेस्ट पार्कला एक अख्खा दिवस ठेव. तेराशे एकर. १९०४ चं जागतिक प्रदर्शन इथे भरलं. त्यातलं जवळजवळ सगळं प्लास्टर आणि तागाच्या मिश्रणाचं होतं आणि नंतर पाडलं. पक्कं बांधलं होतं ते टेकडीवरचं कलाभवन, कॅस गिल्बर्टचं, तेच आजचं आर्ट म्युझियम. ते फुकट आहे, प्राणिसंग्रहालय फुकट आहे, हिस्टरी म्युझियमही. १९७१ मध्ये लोकांनी मतदान करून पहिल्या दोन्हींसाठी मालमत्तेवर कर बसवून घेतला, हिस्टरी म्युझियम त्यात नंतर आलं. याचा फायदा असा घे की म्युझियम एका दमात संपवू नकोस. दीड तास बघ, बाहेर पड, दुसऱ्या दिवशी पुन्हा ये. सोमवारी बंद, शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत उघडं. जर्मन चित्रकार मॅक्स बेकमनची इतकी चित्रं जगात दुसऱ्या कुठल्या म्युझियममध्ये नाहीत, पण तू आधी जॉर्ज केलेब बिंगमकडे जा. १८४७ चं तराफ्यावर पत्ते खेळणाऱ्यांचं चित्र आणि १८५२ चं निवडणुकीचं चित्र. त्या निवडणुकीत दारू पाजणारा आहे, पायऱ्यांवर मतदाराला गाठणारा उमेदवार आहे, आणि मत तोंडी, सगळ्यांसमोर. गावाकडची आठवण येईल. मिसिसिपी खोऱ्याचं ३४८ फूट लांब गुंडाळीचं चित्रही यांच्याकडे आहे. एका वेळी एकच देखावा दिसतो, आणि तो नेहमी लावलेला असतो असं नाही. आधी विचार. मेट्रोलिंकचं फॉरेस्ट पार्क स्टेशन हिस्टरी म्युझियमला जवळ, आर्ट म्युझियमला नाही. तिथून चढाची पंचवीस मिनिटांची चाल आहे, काकूंसाठी टॅक्सी कर. पार्कच्या पश्चिमेला स्किंकर रस्त्यावर वेदांत सोसायटी आहे, १९३८ पासूनची. काकूंना आवडेल.

म्युनी हे अकरा हजार खुर्च्यांचं उघड्यावरचं नाट्यगृह फक्त उन्हाळ्यात चालतं, तेव्हा या खेपेला नाही. त्याबदल्यात सिंफनी ऐक. ऑर्केस्ट्रा १८८० चा आणि हंगाम तेव्हा सुरू झालेला असेल.

एक सकाळ गाडी भाड्याने घेऊन नदीपलीकडे कहोकियाला जा. पाऊण-एक तासात उरकायची जागा नाही ती. इ. स. ११०० च्या आसपास इथे दहा ते वीस हजार वस्तीचं मूळ अमेरिकी लोकांचं नगर होतं. मंक्स माउंड ही तिथली मातीची टेकडी शंभर फूट उंच, पायथा चौदा एकर, सगळी माती टोपल्यांनी वाहून आणलेली. दीडशेच्या आसपास पायऱ्या, सावली नाही. हवा स्वच्छ असेल तर वरून कमान दिसते. अशाच टेकड्या सेंट लुइसमध्येही होत्या, गावाचं टोपणनावच 'माउंड सिटी'. सगळ्यांत मोठी १८६९ मध्ये पूर्ण सपाट झाली आणि तिची माती रेल्वेच्या भरावाला गेली.

खाण्याचं थोडक्यात. टोस्टेड रॅव्हिओली म्हणजे सारण भरून तळलेला पास्ता, आत बहुधा बीफ असतं, विचारल्याशिवाय काकूंच्या ताटात येऊ देऊ नकोस. इथल्या पिझ्झावरचं प्रोव्हेल चीज दाताला चिकटतं. कौतुक ऐकशील, भुलू नकोस. गूई बटर केक मात्र सोडू नकोस. सुलार्डचा बाजार बुधवार ते शनिवार, शनिवारी सकाळी सगळ्यांत भरलेला.

गाडीत दिसेल अशी बॅग कधीच ठेवू नकोस, रिकामीसुद्धा. काच फोडतात. संध्याकाळी सामना नसेल तर डाउनटाउन ओस पडतं, जेवायला पश्चिमेकडेच ये. नदीची पातळी ३० फुटांवर गेली की काठचा रस्ता पाण्याखाली जायला लागतो आणि बोटीच्या फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे बोटीचं तिकीट आदल्या दिवशीच काढ (१९९३ मध्ये पाणी ४९.५८ फुटांवर होतं). आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ११ वाजता भोंगे वाजले तर ती टॉर्नेडोच्या इशाऱ्याची चाचणी असते. इतर वेळी वाजले, तर मात्र काकूंना घेऊन तळघर गाठायचं.

काकूंना नमस्कार. विमानाची वेळ कळव.

तुझा,
शिरीष