मिरची परत पाठवणाऱ्या कांडपवाल्या काकूंस

काकू, नमस्कार.

तुम्ही आमची मिरची कुटायला नकार दिलात, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. दुकानात रांग असते, मशीनच्या आवाजात धड बोलता येत नाही आणि खकाण्याने दोघांनाही शिंका येतात. म्हणून हे पत्र. गच्चीवर, कुंडीत, परसात दोन-चार मिरचीची झाडं लावणारे नागपुरात पुष्कळ आहेत. त्यांच्याही नजरेस पडावं म्हणून उघडच लिहितो आहे.

आधीच्यांबद्दल एकदाच बोलून मोकळा होतो. याआधी मिरची जिथे जायची तिथे कोणी कधी पिशवीत हात घातला नाही. काट्यावर ठेवली, भाव सांगितला, ओतली. आधीच्या गिऱ्हाइकाचे धणे आत तसेच, आणि मशीन इतकं तापलेलं की तिखट बाहेर पडतानाच तपकिरी. पावसाळा लागला की त्याच्या गुठळ्या व्हायच्या, डबा उघडला की कुबट वास. विचारायला गेलं तर उत्तर ठरलेलं, "तुमची मिरचीच तशी असेल." असेलही. पण मग घेताना का नाही सांगितलं? पैसे मात्र मोजून घेतले.

तुम्ही पहिल्यांदा हात घातलात तो पिशवीच्या तळाशी. वरची मिरची सगळ्यांचीच छान दिसते. तळातली एक काढून शेंड्याकडून मोडलीत, ती कट्कन मोडली. तीच देठापाशी मोडायला गेलात तर वाकली. मग नखाने उभी चिरलीत: बिया सुटलेल्या नव्हत्या, पांढऱ्या शिरेला धरून बसल्या होत्या, आणि देठाच्या टोपीखाली शीर चामड्यासारखी चिवट. "वायल्या नाई जी अजून. दोन उन्हं दाखवा, मंग आणा." एवढं बोलून पुढच्याची पिशवी घेतलीत.

घरी वाळवणाऱ्यांनी ही तपासणी नीट समजून घ्यावी. मिरचीच्या सालीवर मेणाचा थर असतो, त्यातून पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही. शेंड्याकडे गर पातळ, तो आधी कडक होतो. देठाकडे गर जाड, आतली शीरही तिथेच भरघोस, वर टोपीचं झाकण, म्हणून ओल सगळ्यात शेवटी तिथेच उरते. उन्हातून नुकत्या उचललेल्या मिरच्या सूपभर खळखळ वाजतात आणि आपण फसतो. रात्रभर बंद डब्यात ठेवल्या की आतली ओल सालीपर्यंत येते आणि सकाळी त्याच मिरच्या पुन्हा मऊ लागतात. परीक्षा घ्यायची ती सकाळी. काचेच्या बरणीत मूठभर घालून झाकण घट्ट लावावं, तासभर उन्हात ठेवावं. आतून काच धूसर झाली तर मिरची अजून ओली. वजन करायचं असेल तर लाल पिकलेली किलोभर मिरची जातीप्रमाणे साधारण 250 ते 300 ग्रॅमवर येऊन थांबते, जाड गराची त्याहूनही खाली जाते. दोन दिवस लागोपाठ काटा हलला नाही म्हणजे झाली. बाजारच्या तिखटात ओलावा 11 टक्क्यांच्या वर नसावा असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. तो मोजायला यंत्रं मिळतात. तुमचं काम दोन बोटांत होतं.

त्या पिशवीत ज्वाला, म्हणजे पातळ सालीची जात, आणि जाड सालीची मिरची एकत्र होती. ज्वाला पूर्ण वाळलेली, जाडी नाही. नेमकी हीच जोडी घात करते. जाडीतली ओल ज्वालाने ओढून घ्यायची आणि थोड्या दिवसांनी दोन्ही सारख्याच मऊ.

आणि आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो ते. मिरची आणली होती प्लास्टिकच्या पिशवीत. तुम्ही ती तशीच परत दिली नाहीत. मागच्या खुंटीवरून धुतलेली सुती उशीची खोळ काढलीत, सगळी मिरची तिच्यात ओतलीत, तोंड सुतळीने सैल बांधलंत आणि रिकामं प्लास्टिक घडी करून वेगळं हातात दिलंत. "प्लास्टिकात घाम सुटते तिले." मशीन तेवढा वेळ रिकामं फिरत होतं, रांगेतले दोघं घड्याळ पाहत होते. जिचं कुटायचं नाही त्या मिरचीवर तुम्ही आपली खोळ घातलीत. पैसे विचारले तर "कुटलंच नाई तं कायचे?"

काकू, दुपारी गरम असलेली अर्धी वाळकी मिरची प्लास्टिकमध्ये बांधली की आत पाण्याचे थेंब जमतात आणि एका रात्रीत बुरशीला हवं ते सगळं तयार होतं. ती बुरशी बाहेरून बहुतेकदा दिसत नाही. मिरची फोडल्यावर बियांभोवती राखाडी-हिरवी भुकटी दिसते तीच. काही बुरशा अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते ऊन दाखवून किंवा फोडणीत तळून जात नाही. अशी मिरची झटकून, पुसून वापरणारे असतात. त्यांना हात जोडून सांगणं, फेकून द्या. आणि एक सापडली तर बाकीच्यांतल्या पाच-सहा फोडून बघा.

आपल्या जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, कळमन्याच्या आवारात लाल मिरचीचे ढीग लागतात. आणि तरी घरची मिरची कशी वाळवायची असं विचारलं की निम्मं नागपूर एकच सांगतं: "उन्हात टाका, आपलं ऊन काय कमी आहे का!" ऊन कमी नाही, पण मिरची लाल होते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि तेव्हाचं ऊन मे महिन्याचं नसतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 अंशांच्या आसपास येतो, पहाटे दव पडतं. दिवसभर वाळलेली मिरची रात्री गच्चीवर राहिली की सकाळी पुन्हा ओली. काळी पडलेली घरची मिरची बहुतेक वेळा दवानेच काळी पडलेली असते. सूर्य कलायच्या आत गोळा करून घरात आणायची, सकाळी गच्चीचा ओलावा उडाल्यावर पुन्हा पसरायची. फेब्रुवारी-मार्चात अवकाळीचा भरवसा नसतो, आभाळ दिसलं की आत.

मे महिन्याचं ऊन उलटा त्रास देतं. 45 अंशांत मिरची झटपट वाळते खरी, पण कडक उजेडात तिचा लाल रंग उडतो, पाठ पांढुरकी पडते. तेव्हा वर पातळ सुती साडी टाकावी. गरम हवा लागली पाहिजे, थेट ऊन नाही. पांढऱ्या चट्ट्यांचं दुसरं कारण म्हणजे अर्धवट पिकलेली मिरची तोडणं. देठाजवळ हिरवी राहिलेली थेट उन्हात गेली तर तो भाग पिवळट-पांढराच राहतो. आधी दोन-तीन दिवस घरात, सावलीत, गोणपाटावर पसरून पूर्ण लाल होऊ द्यावी.

तुमच्या सांगण्यावरून दोन गोष्टी इथे लिहून ठेवतो, इतरांच्या कामी येतील. धुवायची ती देठासकट, आणि वाळेपर्यंत देठ काढायचा नाही. देठ उपटला की तिथे भोक पडतं, पाणी आत जातं, तिथूनच कुजायला लागते. देठ काढायचा कुटायच्या दिवशी. दुसरं, पसरायची ती सुतळीच्या बाजेवर सुती कापड टाकून, एका थरात. उघड्या स्लॅबवर खालची बाजू भाजते, प्लास्टिकच्या ताडपत्रीवर खाली घाम धरतो. बाजेला खालून वारा मिळतो. पातळ सालीची हिवाळ्यात साधारण आठवड्यात वाळते, जाड सालीची अख्खी ठेवली तर दोन आठवडेही घेते. जाडीला शेंड्यापासून टोपीपर्यंत उभी चीर दिली की निम्म्याहून कमी वेळात होते. चिरण्याआधी हाताला तेल लावावं, कारण तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. नंतर साबण. ज्या मिरचीवर खोलगट काळे गोल डाग आहेत ती फळकुजीची, ती आधीच बाजूला काढावी. वाळल्याने रोग जात नाही.

ढगाळ हवेत ओव्हनमध्ये टाकणाऱ्यांसाठी एवढंच: 50 ते 55 अंश, दार किंचित उघडं. ज्याचा काटा 100 पासूनच सुरू होतो तो ओव्हन या कामाचा नाही. साल जळते आणि देठ ओलाच राहतो.

कुटण्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार! पण ओली मिरची मशीनमध्ये गेली की कुंडीला चिकटते, चाळणी बसते आणि मुसळ तापतं, हे तुमचं गणित आता समजतं. थोडी थोडी घालून कुटता, मध्ये मशीनला दम देता, तिखट परातीत पसरून गार झाल्यावरच भरू देता. गरम भरलेल्या डब्यात झाकणाला थेंब धरतात, ते पुन्हा तिखटातच पडतात. तेल किलोला दोन चमच्यांवर घालू देत नाही. जास्त तेलाने रंग खुलतो, पण महिन्या-दोन महिन्यांत खवट वास येतो. ज्यांना रंग गडद हवा आणि तिखटपणा तोच हवा, त्यांच्या थोड्या बिया कमी करता आणि पांढरी शीर मात्र ठेवता. जहालपणा शिरेतच असतो, बियांना तो तिच्याकडूनच लागतो. सावजी मसाल्यावाल्या गिऱ्हाइकांशी याच मुद्द्यावर तुमचं वाजतं, ते ऐकलं आहे. तुमचंच बरोबर आहे.

आलेलं काम परत पाठवणारा माणूस हल्ली कुठे भेटतो! मोबाईल दुरुस्तीत नाही, गाडीच्या गॅरेजात नाही, दवाखान्यात तर बोलायलाच नको. काही न करता परत पाठवलं तर गिऱ्हाईक तुटेल अशी धास्ती प्रत्येकाला. तुमच्याकडे मात्र मानेवाड्यापासून नंदनवनापर्यंतची माणसं दोन दुकानं ओलांडून येतात. रांगेत उभं राहून कुरकुरतात, आणि येतातच.

दुसऱ्या तोडीची मिरची आता बाजेवर आहे, संक्रांत झाली की आणतो. ज्वाला आणि जाडी वेगवेगळ्या पिशव्यांत असतील. धण्यांच्या आधी आमचा नंबर लावा. किलोला 50 ग्रॅम खडे मीठ भाजून आणणार आहे, की तुमच्याकडचंच घालता? तेवढं फोनवर कळवा.

तुमचा,
गच्चीवरचा मिरचीवाला