जुनी होडी जरूर जगवा, पण तार मात्र नवीच घ्या

मा. संपादक,
स.न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या छोट्या शिडाच्या होड्या भंगारातलं सामान जमवून परत पाण्यात कशा आणायच्या यावर लेख आलाय, तो मी दोनदा वाचला आणि खूप बरं वाटलं, कारण या विषयावर मराठीत फारसं कुणी लिहीतच नाही. पण त्यातल्या एका सल्ल्यापाशी अडले. डोलकाठी ताणून धरणारी जुनी स्टीलची तार दिसायला चकचकीत असेल तर बिनधास्त वापरा असं लेखात म्हटलंय. प्लीज, हे कुणी करू नका. मी केलं होतं, म्हणून हे पत्र लिहितेय.

आमची होडी मिरर नावाच्या प्रकारची आहे. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी डेली मिरर या ब्रिटिश पेपरसाठी तिचं डिझाइन केलं आणि १९६३ साली ती लोकांपुढे आली, म्हणजे एका वर्तमानपत्रानेच सामान्य लोकांना घरी होडी बांधायला लावली होती, तेव्हा होडीबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिण्यात वावगं काही नाही असं मला वाटतं. लांबी ३.३ मीटर, नुसत्या हलचं, म्हणजे होडीच्या मूळ सांगाड्याचं वजन ४५ किलोच्या आसपास. प्लायवूडचे कापलेले भाग तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेजिनने, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने चिकटवायची, की झाली होडी. अशा ७० हजारांच्या आसपास बनल्या, त्यामुळे जुन्या झालेल्याही भरपूर आहेत. आम्हाला मिळालेली होडी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पालथी पडून होती, सुकाणू गायब, शिडाची वरची काठी मोडलेली, कप्प्या अर्ध्याच. बाकीचं सामान मी आणि माझ्या मुलीने तोडायला काढलेल्या दुसऱ्या दोन होड्यांवरून काढून आणलं.

आता काय वापरता येतं ते आधी सांगते, कारण लेखाचा मूळ मुद्दा बरोबरच आहे. कप्प्या खुशाल जुन्या घ्या. जुन्या होड्यांवर टफनॉलच्या, म्हणजे कापडाचे थर रेजिनमध्ये दाबून बनवलेल्या तपकिरी कप्प्या असतात, त्या गोड्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवायच्या, मधलं चाक बोटाने फिरवून आतलं मीठ आणि रेती बाहेर काढायची, चाक अडखळत नसेल आणि कडेला चीर नसेल तर त्या अजून खूप वर्षं जातील. क्लीट, म्हणजे दोर अडकवायची खुंटी, सुकाणूच्या बिजागऱ्या, शॅकल, म्हणजे पिनने बंद होणारी धातूची कडी, हेही चालतं, फक्त शॅकलची पिन वाकलेली नको आणि स्क्रू पितळेचे असतील तर ते फेकून द्या, कारण खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबी ठिसूळ तांबं उरतं, बाहेरून स्क्रू अख्खा दिसतो आणि पिळायला गेलं की डोकं हातात येतं. सिलिकॉन ब्राँझचे घ्या.

शिडाचं कापड पॉलिएस्टरचं असतं आणि उन्हात सगळ्यात आधी मरते ती शिवण, कापड नाही, कारण दोरा वर उघडा असतो. नखाने शिवण खरवडून बघा, दोरा तुटायला लागला तर पूर्ण शीड परत शिवून घ्यायचं, ऊन सोसणाऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याने, झिगझॅग टाका घालून. मुलीने आमचं जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, असंच शिवलंय. दुसऱ्या होडीचं मोठं शीड कापून लहान करता येतं पण नुसती कात्री चालवून नाही, शिडाला जो पोटाकडे फुगीर आकार असतो तो शिवणींमधून आणि कडेच्या वळणातून आलेला असतो, चुकीच्या बाजूने कापलंत तर उरतो नुसता पडदा.

अॅल्युमिनियमची डोलकाठी मिळाली तर स्टीलचा प्रत्येक तुकडा जिथे तिला टेकतो तिथे बघा. पांढरी पावडर दिसली की समजायचं दोन धातू आणि मीठाचं पाणी मिळून बॅटरी झाली आहे आणि खाल्लं जातंय ते अॅल्युमिनियम. थोडं असेल तर भाग काढून, घासून, दोन धातूंच्या मध्ये ड्युरालॅकसारखी गंजरोधक पेस्ट लावून मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या रिव्हेटने परत बसवता येतो. भोकाच्या कडा पातळ झाल्या असतील तर तेवढा भाग कापून टाका किंवा दुसरी डोलकाठी शोधा.

लाकडाचं म्हणाल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगलं प्लायवूड टणटणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं, हा फरक पाच मिनिटांत कानाला कळायला लागतो. कुजलेलं सगळं काढायचं आणि मग वाट बघायची, हे लोकांना जमत नाही, मलाही जमत नव्हतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर असला की बुरशी जगते, आणि ओल्या लाकडावर इपॉक्सी, म्हणजे दुरुस्तीसाठी लावायचं दोन भाग मिसळून बनणारं रेजिन, नीट धरत नाही, वरून छान गुळगुळीत दिसतं आणि पुढच्या वर्षी पापुद्रा सुटतो. इपॉक्सी वाळल्यावर वर मेणासारखा थर येतो तो आधी साध्या पाण्याने धुवायचा, मग घासायचं, उलटं केलंत तर तो थर घासून आतच घालाल. आणि इपॉक्सीला ऊन सोसत नाही म्हणून वर व्हार्निश किंवा पेंट लागतोच.

आता तार. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारांना श्राउड म्हणतात. ही तार १९ धाग्यांची असते, छोट्या होडीला साधारण ३ मिलिमीटर जाड, आणि नवी चांगली तार तुटायला सातशे किलोच्या आसपास ताण लागतो. आमच्याकडे आलेली तार आरशासारखी होती. पुसून बघितली, वाकवून बघितली, एकही धागा वर आलेला नव्हता, मी खूश झाले आणि बसवली. तिसऱ्या की चौथ्या फेरीत, वारा मध्यम होता, मुलगी आणि मी दोघी वाऱ्याच्या बाजूला काठावर बसलो होतो, आणि डोक्यावर बंदुकीसारखा आवाज झाला. श्राउड वरच्या टोकाला तुटली, डोलकाठी शिडासकट वाऱ्याखालच्या बाजूला पाण्यात गेली आणि आम्ही दोघी उलट्या बाजूला पाठीवर पडलो. मुलीच्या कानापासून ती तुटकी तार वीतभर अंतरावरून गेली. दोघींना काही झालं नाही, लाइफ जॅकेट होतं, किनारा जवळ होता. पण तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

नंतर तुटलेलं टोक मी करवतीने उभं कापून बघितलं. तारेच्या टोकाला जी धातूची नळी दाबून बसवतात तिच्या आत १९ पैकी निम्म्याहून जास्त धागे काळे-तपकिरी आणि खाल्लेले होते, बाहेर एक मिलिमीटरवर तीच तार चकचकीत. असं का होतं ते समजून घ्यायला हवं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो म्हणून, आणि हा थर खरवडला गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनने परत तयार होतो. पण दाबलेल्या नळीच्या आत खारं पाणी शिरतं, अडकून बसतं, तिथे ऑक्सिजन संपतो, थर परत बनत नाही आणि मीठ आतल्या आत पोखरत राहतं. म्हणजे जिथे डोळा पोचत नाही तिथेच तार मरते. चकचकीत आहे याचा अर्थ तेवढाच भाग हवेत होता, बाकी काही नाही.

आणि ताण किती येतो बघा. वारा होडी कलंडवायला बघतो, आमचं वजन तिला सरळ धरतं आणि तो ताण या तारेतून जातो, सी-सॉसारखा. आम्ही दोघी मिळून १२० किलो धरा, काठावर बसून थोडं बाहेर झुकलं की आमचं वजन होडीच्या मधल्या रेषेपासून साधारण ८० सेंटिमीटरवर येतं. श्राउड मधल्या रेषेपासून ७० सेंटिमीटरवर बांधलेली. १२० गुणिले ८० भागिले ७०, म्हणजे ढोबळमानाने १३७ किलो, एका तारेवर, आणि हा शांतपणे बसलेल्या वजनाचा हिशोब, लाटेवर होडी आपटली की धक्क्याने तो आकडा सहज वाढतो. नव्या तारेला हे काहीच नाही. निम्मे धागे गेलेल्या आणि उरलेल्यांना खड्डे पडलेल्या तारेला ते पुरेसं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की होडीचं सगळं भंगारातून घ्या, पण तारा, त्यांची टोकं आणि दोर नवे घ्या. दोरांचं पण तेच, उन्हात वर्षानुवर्षं पडलेला दोर हातात घेतला की पांढरा भुसा निघतो, तो दोर नाही राहिला. शीड वर ओढायला पॉलिएस्टरचा दोर घ्या, नायलॉन नको, नायलॉन ताणला जातो, तो नांगराला चांगला. जुन्या तारेचा एकच उपयोग, तिची लांबी. टोकापासून टोकापर्यंत नीट मापून घ्या आणि तेवढी नवी बनवून घ्या. मग जुनी लगेच कापून टाका, कारण गुंडाळून ठेवलेली तार कुणीतरी दुसरा उचलतो, मी नाही का उचलली. नव्या तारेवर पण हंगामात एकदा सुती फडकं फिरवायचं, धागा अडकला की तार बदलायची, आणि टोकाच्या नळीच्या तोंडाशी तपकिरी डाग दिसला तरी बदलायची.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली. खोल पाण्यात नेण्याआधी होडी कलंडल्यावरही तरंगते की नाही हे तपासायचं. मिररमध्ये हवाबंद कप्पे असतात, त्यांच्या भोकातून हळू हवा फुंकायची आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तिथे गळतंय. मग कमरेएवढ्या पाण्यात, दोघं जण, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम आडवी पाडायची आणि परत सरळ करून बघायची. जुन्या होडीबरोबर फुकट मिळालेलं लाइफ जॅकेट वापरू नका, आतला फोम दबून गेलेला असतो.

ज्यांच्याकडे जुनी होडी पडून आहे आणि जागा हवी आहे त्यांना माझी विनंती आहे. ती थेट तोडायला देऊ नका. होडी फायबरग्लासची असेल तर ते वितळवून परत वापरता येत नाही, ते एकदा घट्ट झालं की झालं, तोडलेली होडी एक तर जमिनीत पुरली जाते नाहीतर सिमेंटच्या भट्टीत जळते. पण तिच्यावरच्या कप्प्या, सुकाणू, बिजागऱ्या, बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, शिडं हे सगळं तासाभरात निघतं. काढा, एका पोत्यात भरा, चिठ्ठी लावा की कोणत्या प्रकारच्या होडीचं आहे आणि डोलकाठीची लांबी किती. सेलिंग क्लबांनी एक फळी अशा सामानासाठी राखून ठेवली तर कितीतरी पोरं स्वतःची होडी उभी करतील. आमच्या होडीचं सुकाणू ज्या होडीवरून आलं तिचं नाव त्याच्यावर अजून कोरलेलं आहे, मुलीने त्यावर व्हार्निश केलं पण नाव घासू दिलं नाही.

तुमच्या लेखकाने मनापासून लिहिलंय हे दिसतंच, आणि तो लेख वाचून या सुट्टीत कुणीतरी खरंच होडी बाहेर काढेल, म्हणून तर घाई करतेय. येत्या रविवारी पुरवणीत पहिल्याच पानावर दोन ओळींची चौकट छापा की जुनी तार वापरू नये, दिसायला कशीही असली तरी. पत्र जागेअभावी कापलंत तरी चालेल, पण ती चौकट नक्की छापा.

आपली,
एक नियमित वाचक