कार्बोरेटर फेकण्याआधी त्याची स्पिंडल हलवून बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आणि जुन्या गाड्या या विषयावर आपल्या दैनिकात सध्या वाचकांची पत्रं येत आहेत. त्यातल्या एका पत्रात सल्ला होता की कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचे) दिवस संपले, जुनी गाडी नव्यानं बांधायला काढलीच आहे तर सरळ इंजेक्शन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमानं पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवून घ्या. मी अक्कलकोट रोडला गॅरेज चालवतो. फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि जुन्या मारुती याच गाड्यांवर माझं घर चाललं आहे. ते पत्र छापून आल्यापासून गिऱ्हाइकं कात्रण घेऊन गॅरेजवर येतात आणि इंजिन खोलायच्या आधीच इंजेक्शनचा खर्च विचारतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

इंजेक्शन हे कार्बोरेटरपेक्षा पुढचं तंत्र आहे, यात वाद नाही. मारुती ८०० ला २००० च्या सुमारास एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं इंजेक्शन) आलं आणि सकाळी चोक ओढून गाडी गरम होईपर्यंत थांबायचं काम संपलं. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल थोडं कमीजास्त झालं तरी गाडी आपलं आपण सांभाळून घेते. प्रश्न आहे तो हे सगळं १९८२ च्या फियाटवर नीट बसतं का, बसवल्यावर ती गाडी कोण दुरुस्त करणार, आणि त्या गाडीला त्याची गरज आहे का.

आधी इथेनॉलचं बघू. माझ्या थोरल्या भावाचा माढा तालुक्यात ऊस आहे. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात पैसा खेळतो आणि उसाच्या बिलाला आधार मिळतो, हे मी घरात बघतो. त्यामुळे इथेनॉलला माझा विरोध नाही. पण जुन्या गाडीत ते काय करतं ते गाडीवाल्याला माहीत हवं. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण ऑक्सिजन त्याच्यात आधीच असतो. वीस टक्के मिसळलं की हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीला हे सेन्सरमुळे कळतं. कार्बोरेटरला कळत नाही, त्यात पेट्रोल मोजून सोडणारा पितळी जेट असतो, त्याच्या भोकातून जेवढं जायचं तेवढंच जातं. मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. अ‍ॅक्सिलेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळते, चढाला दम राहत नाही, इंजिन तापतं, प्लग काढला तर पांढराफटक निघतो.

याला उपाय आहे आणि तो महाग नाही. सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरच्या मेन जेटवर नंबर कोरलेला असतो. १२० म्हणजे भोकाचा व्यास १.२० मिलिमीटर. तिथं १२५ चा जेट घातला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, आणि शुद्ध पेट्रोलवरून ई-२० वर येताना साधारण तेवढंच जादा इंधन लागतं. प्रत्येक गाडीला हाच आकडा लागू पडेल असं मी म्हणत नाही. जेट बदलून गाडी लांबवर पळवायची, प्लगचा रंग बघायचा, गॅस अ‍ॅनालायझरवर धूर मोजायचा आणि मग ठरवायचं. पण जेट नंबरचाच विकत घ्या. कितीतरी ठिकाणी जेटमध्ये तार फिरवून तो ‘साफ’ करतात. पितळ मऊ असतं. तारेनं भोक वेडंवाकडं होतं आणि त्यानंतर त्या कार्बोरेटरचं ट्युनिंग जन्मात लागत नाही. जेट क्लीनरनं धुवायचा आणि हवेनं फुंकायचा, एवढंच. मायलेज थोडं कमी येणार हेही गाडीवाल्यानं धरून चालावं. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश उष्णता कमी असते, त्यामुळे ई-२० मध्ये सहा-सात टक्क्यांची तूट येते. ती इंजेक्शन बसवूनही भरून निघत नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘कार्बोरेटर खराब झालाय’ म्हणून ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचा कार्बोरेटर झिजलेला असतो, निकामी झालेला नसतो. सध्या गॅरेजमध्ये अशोक चौकातल्या एका चादर कारखानदारांची पद्मिनी (फियाटचंच नंतरचं नाव) उभी आहे. वडिलांनी घेतलेली गाडी, मुलाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. तिचा स्लो (पाय न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) कधीच एका जागी थांबत नव्हता. हवेचा स्क्रू फिरवून फिरवून त्याच्या टोकाला खाच पडली होती. कार्बोरेटर टेबलावर घेतला आणि थ्रॉटलची (हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेची) स्पिंडल, म्हणजे आस, दोन बोटांत धरून वर-खाली हलवली तर ती चक्क खडखडली. म्हणजे बॉडीतलं भोक अंडाकृती झालेलं, आणि त्या फटीतून इंजिन जेटला वळसा घालून परस्पर हवा ओढत होतं. अशा गाडीला कुठलाही जेट घाला, काही उपयोग नाही. यंत्रमागाचे बुश काढून देणारे टर्नर आपल्या एमआयडीसीत आहेत. त्यांच्यातल्याच एकाकडून स्पिंडलला पितळी बुश करून घेतलं. त्या माणसाचा हात असा बसलेला आहे की तेल लावून स्पिंडल घातली तर ती फिरते सहज आणि हलत अजिबात नाही. मग फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, तपासला. पितळी फ्लोट कढत पाण्यात बुडवायचा. चीर गेलेली असेल तर तिथून बुडबुड्यांची माळ निघते. या गाडीचा फ्लोट निघाला चांगला, पण वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या निडल वॉल्व्हच्या टोकाला रिंगण पडलेलं होतं, तो बदलला.

रबर मात्र सगळंच बदलावं लागतं, त्यात हयगय नको. जुन्या गाडीची पेट्रोलची नळी, पंपाचा डायफ्रॅम, कॉर्कची पॅकिंग हे इथेनॉल विचारात घेऊन बनवलेलंच नाही. नळी आतून सुटते आणि तिचे काळे कण जेटमध्ये जाऊन बसतात, नाहीतर ती फुगून पेट्रोल पाझरतं, आणि खाली असतो तापलेला मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेला धुराचा पाइप). इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्या. टाकीसुद्धा उतरवून धुवा, कारण वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज इथेनॉल मोकळा करतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीत अर्धवट पेट्रोल सोडू नका.

सोलापूरच्या उन्हाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण इंजेक्शनच्या बाजूनं सगळ्यात मोठा मुद्दा तोच आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो. गाडी तुळजापूरचा घाट चढून आली, देवदर्शनाला अर्धा तास उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं, पंपात वाफ धरते आणि सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. इंजेक्शनमध्ये पेट्रोल तीन बारच्या आसपास दाबाखाली असतं, त्यामुळे ते सहजासहजी उकळत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण कार्बोरेटर ठेवूनही यातलं बरंच साधता येतं. कार्बोरेटरच्या खाली उष्णता अडवणारं जाड फायबरचं पॅकिंग घाला, एक्झॉस्ट आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा करा, पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांबून न्या. हवा तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवा. तो पंप ऑइल प्रेशरच्या स्विचवरून घ्या, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडेल.

आता फियाटला इंजेक्शन बसवायचं म्हटलं तर काय काय लागतं ते गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं, आणि नेमकं तेच सांगितलं जात नाही. जुन्या गाडीला बॅटरी चार्ज करायला डायनॅमो असतो, तो स्लोला जवळजवळ चार्जिंगच देत नाही. हाय प्रेशर पंप, इंजेक्टर, ईसीयू यांना सतत करंट हवा, म्हणजे अल्टरनेटर आला. जुनी टाकी आतून सपाट. अर्धी रिकामी असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या वाटीत साठा असतो म्हणून तिथं ते खपून जातं. इंजेक्शनला ते चालत नाही, त्यासाठी वेगळी छोटी टाकी किंवा आत आडवे पत्रे लागतात. जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी लागते. क्रँकच्या पुलीवर दातेरी चकती आणि तिच्यासमोर सेन्सर लागतो. एक्झॉस्टला भोक पाडून ऑक्सिजन सेन्सरची जागा करावी लागते. वायरिंग सगळं नवं, अर्थिंग चोख. एवढं सगळं केलं तर गाडी सुंदर चालते. यातलं अर्धं गाळलं तर ती मालकाच्या गळ्यात पडते.

अशी गळ्यात पडलेली एक अ‍ॅम्बेसेडर टोचन करून माझ्याकडे आणली होती. बाहेरगावच्या एका वर्कशॉपनं इंजेक्शन बसवून दिलेली. नळदुर्गच्या अलीकडे बंद पडली. सेल्फ फिरायचा, गाडी उचलायची नाही. मल्टिमीटर लावून बघितलं तर सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली जायचं की ईसीयू मध्येच बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. कारण साधं होतं. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी रंगावरच आवळलेली होती. पत्रा घासून पट्टी बसवली आणि इंजिन चालू झालं. पण त्यानंतर मिक्श्चर रिच, म्हणजे इंधन जास्त आहे हे दिसत असूनही मला काही करता येईना. ईसीयूला पासवर्ड होता, वायरिंगचा आराखडा मालकाकडे नव्हता, आणि बसवणारा फोन उचलत नव्हता. गाडीचे मालक निवृत्त शिक्षक. आयुष्यभराच्या हौसेनं त्यांनी तो खर्च केला होता, आणि आता स्वतःच्याच गाडीच्या ट्युनिंगला ते हात लावू शकत नव्हते. याचा मला फार राग आला, आजही येतो.

मग इंजेक्शन कुणी बसवावं? जुनी कार्बोरेटरची ८०० किंवा ओम्नी रोज वापरात असेल तर मी स्वतः इंजेक्शन सुचवतो. कंपनीनंच त्या गाड्यांना नंतर ७९६ सीसीचं एमपीएफआय इंजिन दिलं. इंजिन, ईसीयू, वायरिंगचा जोड, पंपासकट टाकी, सगळं एकाच घराण्यातलं, सुटे भाग गावात मिळतात आणि स्कॅनर लावून दोष वाचणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. इंजिन बदललं तर आरटीओत जाऊन आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा, ते विसरू नका. रोज पुण्याला-हैदराबादला जाणारी गाडी असेल, मालकाची सगळं काम नीट करून घ्यायची तयारी असेल आणि बसवणारा जवळपासचा असेल, तर फियाटलासुद्धा नाही म्हणणार नाही. पण रविवारी सात रस्त्यापर्यंत फेरी आणि लग्नसराईत वरातीला जाणाऱ्या गाडीला चांगला कार्बोरेटर भरपूर झाला.

आणखी एक बाब गाडी उघडण्याआधीच लक्षात घ्यावी. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडीच त्यात बसते. १९७२ च्या प्रेसिडेंट (पद्मिनीचं आधीचं नाव) आणि १९७४ च्या पद्मिनी आता या वयाच्या झाल्या. ज्यांना पुढं ही नोंदणी हवी आहे त्यांनी इंजिनात फेरफार करण्याआधी आरटीओत लेखी विचारावं, आणि काढलेला मूळ कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, एअर फिल्टर भंगारात घालू नये. पीयूसीची भीतीही उगाच घातली जाते. बीएस-२ (भारत स्टेज-२ हे प्रदूषणाचे नियम) च्या आधीच्या पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. ट्युनिंग केलेला कार्बोरेटर त्यात आरामात बसतो.

आपल्या दैनिकामार्फत काही मागण्या संबंधितांपुढं ठेवतो. इंजेक्शन बसवून देणाऱ्यांनी बिलाबरोबर वायरिंगचा आराखडा, मॅपची (किती पेट्रोल सोडायचं ते ईसीयूला सांगणाऱ्या तक्त्याची) फाइल आणि पासवर्ड गाडीमालकाच्या हातात द्यावा. त्याचे पैसे त्यानं मोजलेले असतात. गिऱ्हाइकांनीही ते मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना स्कॅनर शिकवा, तो लागतोच. त्याच्या जोडीला एक कार्बोरेटर खोलून, मोजून, परत जोडून, गॅस अ‍ॅनालायझरवर लावायला शिकवा. माझ्याकडे उमेदवारीला येणारी मुलं हुशार आहेत, पण जेटवरचा नंबर वाचायला त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यांना शिकवायचं असेल त्यांना माझ्या गॅरेजमधले जुने कार्बोरेटर मी सरावासाठी द्यायला तयार आहे. आणि पेट्रोल कंपन्यांनी प्रत्येक पंपावर, भरायच्या नळीजवळ, ठळक मराठीत इथेनॉलची टक्केवारी लिहावी. जेट कितीचा घालायचा हे त्या आकड्यावर ठरतं, आणि आज तो मला पंपावरच्या पोराला विचारून अंदाजानं धरावा लागतो.

आपला नियमित वाचक,
जुन्या गाड्यांचा एक मिस्त्री,
अक्कलकोट रोड, सोलापूर