बाबा, ते पोटाचं चूर्ण आता पुरे

ठाणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही बोलले असते, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि समोर कोणीतरी चहाला बसलेलं. म्हणून पत्र.

बाबा, तुमच्या तोंडाला वास येतो. बरेच दिवस येतोय. ही गोष्ट कोणी तोंडावर सांगत नाही, आणि आपल्या नाकाला आपला वास सरावलेला असतो, त्यामुळे ज्याचं त्याला नीट कळतही नाही. तुम्हाला शंका मात्र आहे. लग्नात बघत होते मी. बोलताना रुमाल तोंडाशी, खिशात लवंगा, फोटोला मागच्या रांगेत.

तुम्ही सगळं खापर पोटावर फोडून मोकळे झालात. रात्री चूर्ण, सकाळी कोमट पाणी, वर एकादशी. पण दहातल्या आठ-नऊ जणांत वासाचं मूळ तोंडातच असतं. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, ढेकर आली तरच पोटातलं वर येतं. उलट उपासाला लाळ कमी सुटते आणि वास वाढतो. लाळ तोंड धुत असते, ती आटली की जंतूंचं फावतं. तुम्ही शिंकांसाठी रात्री जी सर्दीची गोळी घेता, तिनंही तोंड कोरडं पडतं. ती रोज लागतेच का, एवढं डॉक्टरांना विचारा.

हे जंतू जिभेच्या पार मागे आणि हिरड्यांच्या फटीत राहतात, जिथे हवा पोचत नाही. अन्नाचे कण, गळलेल्या पेशी कुजवून ते गंधकाचे वायू सोडतात. त्यातला एक तर सडक्या अंड्याचा वास असतो तोच. लवंग-वेलदोड्यानं तो तासभर झाकला जातो, इतकंच. तुमच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं, खालचे पुढचे दात लांब दिसायला लागलेत. हा पायरिया आहे असं मला वाटतं. दातांचे डॉक्टर बारीक सळईनं हिरडी आणि दात यांच्यातली फट मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याहून खोल असेल तर तिथे ब्रश पोचत नाही, घरी काहीही करा.

आता तुमचा आवडता मुद्दा: दवाखान्यात मशीननं दात साफ केले की ते हलायला लागतात. काकांचे हलले, कबूल. पण ते आधीच हलत होते, बाबा. हाड झिजलेलं होतं, आणि दातांवर जमलेल्या कीटणानं सगळे एकमेकांना चिकटून उभे होते. कीटण निघालं, सूज उतरली, फटी उघड्या पडल्या आणि नाव मशीनचं झालं. वेळेवर गेले असते तर दात राहिले असते. फट खोल असेल तर हिरडी बधिर करून मुळापर्यंत साफ करतात, थोडा थोडा भाग करत. नंतर काही दिवस गार पाणी झणझणतं. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा फट मोजायला बोलावतात, तेव्हा टाळाटाळ करायची नाही. किडलेली दाढ असेल तर तीही भरून घ्या, तिथेही अन्न कुजतं.

तुमच्या मधुमेहासाठी तर हे जास्तच गरजेचं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

गुळण्यांचं औषध देतील, बहुतेक क्लोरहेक्सिडिनचं. सांगतील तितकेच दिवस घ्या. बरं वाटतं म्हणून महिनोन्‌महिने घेतलं की दात तपकिरी पडतात, चव जाते. टंग क्लीनर मात्र रोज, मागपर्यंत, हलक्या हातानं. ओकारी येते, सवय होते.

आई, तू हसू नकोस. तुझी कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, साबण आणि मऊ ब्रशनं घासायची. उकळतं पाणी नको, वाकडी होते. आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घट्ट राहतात हे आजीचं म्हणणं. तिच्या तोंडात शेवटी किती होते, आठव. हिरड्या मिश्रीनंच खाली सरकतात, आणि कॅन्सरचं भय वेगळंच. तूही तोंड दाखवून ये.

एवढं करूनही वास राहिला तर टॉन्सिल, सायनस बघायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊ. पण आधी दात.

सोमवारी बाजारामुळे दवाखान्यात गर्दी असते, मंगळवारची वेळ घ्या. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत टाकून न्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे हे बसताक्षणी सांगा, पण ती मनानं बंद करू नका. पैसे मी पाठवलेत, त्यातून पंप दुरुस्त करायचा नाही.

तुमची,
लेक