ओटीतल्या मॅडमना, एका नंदीवाल्याचं पत्र

मॅडम, नमस्कार जी.

हे पत्र मी बोलतो आहे आणि मुलगी मोबाईलवर टाइप करते आहे. तुमच्या इलाजानं हात आता चालतो, पण मोबाईलवर अक्षरं शोधायला मला जो वेळ लागतो तेवढ्यात एका नंदीची शिंगं घासून होतात. पत्र उघडं लिहितो आहे, कारण माझ्यासारखे हात बधिर घेऊन फिरणारे सुतार, शिंपी, गवंडी नागपुरात पुष्कळ आहेत. त्यांनीही वाचावं.

तुम्हाला माझी केस आठवत असेलच. तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडी नंदी करणारा, उजवा हात. आधी दोन वर्षं रात्री दोन-अडीचला मुंग्यांनी जाग यायची. हात झटकला की थोडं बरं वाटायचं, आणि झटकत झटकतच अंगणात फेऱ्या मारायचो. ज्यांना पहिल्यांदा दाखवलं त्यांनी मानेचा पट्टा दिला आणि वर्षभर गोळ्या दिल्या. कोणती बोटं बधिर होतात हे मात्र एकदाही विचारलं नाही. ते मेडिकल कॉलेजातल्या एका तरुण डॉक्टरनं विचारलं. अंगठा, पहिलं बोट, मधलं आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळी शाबूत. त्यानं दोन्ही मनगटं खाली वाकवून पंजे पाठीला पाठ लावून मिनिटभर धरायला सांगितले. माझी बोटं अर्ध्या मिनिटातच झोपली. मग विजेची तपासणी झाली, नस मनगटात दबली असल्याचं कळलं. रक्तात साखरही निघाली. ती वेगळी कथा.

त्याआधी घरी काय चाललं होतं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. अंगठ्याच्या बुडाचं मांस उतरलं होतं, चहाचा कप सुटायचा, चटका लागला तरी कळायचं नाही. शेजारच्या काकू एकदा दबक्या आवाजात म्हणाल्या, "वरोऱ्याला दाखवून ये बाप्पा." वरोऱ्याचं आनंदवन म्हटलं की आमच्या विदर्भातल्या माणसाच्या मनात काय येतं ते सांगायला नको. मी आठ दिवस जेवलो नाही नीट. डॉक्टरनं अंगावर चट्टे पाहिले, कोपरामागची नस चाचपली आणि कुष्ठरोग नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे घास उतरला.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. रात्रीच्या मुंग्या त्याच आठवड्यात गेल्या. पुढचा गोंधळ माझाच. बाराव्या दिवशी टाके निघाले, बोटं हलवायचा कागद हातात दिला, तो शर्टाच्या खिशात राहिला आणि बायकोनं शर्ट धुतला. परत जाऊन दुसरा मागायची लाज वाटली. हात जपायचा म्हणून मी तो गळ्यात फडक्याला टांगून ठेवला. फेब्रुवारीपर्यंत तळहाताच्या बुडाशी व्रण असा कडक झाला की जणू डिंकाचा खडा. मनगट मागे केलं की करंट थेट मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आणि तिथेच तर पटाशीची मूठ टेकते.

"ओटीत जा," असं कागदावर लिहून मिळालं तेव्हा मी घरी येऊन सांगितलं की दुसरं ऑपरेशन आहे. बायको रडली. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी आलो, तर तुम्ही हसून म्हणालात, "काका, ही ऑपरेशनची ओटी नाही. ही ऑक्युपेशनल थेरपी, हात पुन्हा कामाला लावायची. काही खाल्लं का?" पुढे कधीतरी तुम्ही सांगितलंत की ही विद्या आपल्याकडे अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकरांनी आणली, १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये पहिली शाळा काढली. आणि वेल्लोरच्या पॉल ब्रँड डॉक्टरांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर ऑपरेशनं करून हाताच्या इलाजाला केवढं पुढे नेलं तेही. ज्या रोगाला घाबरून मी जेवलो नव्हतो, त्याच रोग्यांच्या हातांवरून शिकलेलं माझ्या हाताला लावत होता तुम्ही. त्या दिवशी मी गप्प होतो, ते यामुळे.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या भाषेत समजावलंत. मनगटात हाडांची नाली, वरून जाड पट्ट्याचं झाकण, आत नऊ दोऱ्या आणि एक नस. झाकण कापून जागा झाली. पण मनगट हललं की नसेनं आत सरकायला पाहिजे, आणि व्रणानं तिला धरून ठेवलं आहे. मी म्हणालो, "म्हणजे फेव्हिकॉल वाळला जी." तुम्ही म्हणालात, "पूर्ण नाही वाळला. अजून काही महिने हातात आहेत." गॅरंटी दिली नाही. मला ते आवडलं. गॅरंटी देणाऱ्याचं लाकूड बहुधा ओलं असतं.

मग तो पट्टा. मी पुष्कळ कारागीर पाहिले, पण गरम पाण्यात प्लास्टिकची पाटी मऊ करून ती माझ्या मनगटावर ठेवून, थंड होईपर्यंत अंगठ्याच्या दाबानं घडवताना तुमचे हात पाहिले आणि मनात म्हटलं, ही बाई आपल्यातली आहे. मनगट सरळ, ना वर ना खाली. कडा तुम्ही बाहेर वळवल्यात, टोचू नये म्हणून. नंदीच्या खुरांना मी तेच करतो, पोरांच्या हाताला लाकडाची फास लागू नये म्हणून. तेवढ्यासाठी चार मिनिटं जास्त जातात, आणि ती चार मिनिटं बाजारात कोणी मोजत नाही.

व्रण चोळायचा कसा, यावर तर तुम्ही माझी परीक्षाच घेतली. नुसतं तेल फिरवणं नाही. दुसऱ्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका दाब, आणि खालच्या मांसावरून कातडी सरकली पाहिजे. गोल, आडवं, उभं. पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. जखम पूर्ण मिटल्याशिवाय मात्र हात लावायचा नाही, हे तुम्ही शेजारच्या बाईला ज्या आवाजात सांगितलं तो अजून कानात आहे. पंजाला काही शिवलं तरी झिणझिण्या यायच्या, म्हणून आधी कापूस, मग टॉवेल, मग तुरीच्या डाळीच्या डब्यात हात घालून बसणं. घरी बायको म्हणायची, "डाळ शिजवायची का चोळायची?"

नस सरकवायच्या व्यायामात मी खाल्लेली बोलणीही लिहून टाकतो. तुम्ही सांगितलं होतं, ताण जाणवला की थांबा, मुंग्या येईपर्यंत ओढू नका. मला वाटलं जितकं जास्त तितकं बरं. तीन रात्री झोप गेली. "काहून जी काका, नस म्हणजे करवत आहे का?" असं तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत. बरं केलंत.

मे महिन्यात व्रणावर लावायची सिलिकॉनची पट्टी घामानं निसटायची, खाली पुरळ उठला. पंचेचाळीस डिग्रीत दुसरं काय होणार. तुम्ही दोन दिवस बंद करवली, मग रोज धुऊन, हात कोरडा करून, रात्री कूलरसमोर फक्त. हे कोणत्या पुस्तकात नसेल, नागपुरात राहूनच सुचतं.

एक गोष्ट मात्र माझ्यापाशी अजून टांगलेली आहे. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, असं तुम्ही म्हणाला होता. घरी आल्यावर मी मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. एकशे सत्तर. स्टीलच्या पट्टीवर रोज एक रेघ पुढे, अशी खूण करत गेलो. सगळं त्या हिशोबानं झालं नाही, तुम्हीही होईलच असं म्हटलं नव्हतं. अंगठ्याचं मांस अर्धंच भरलं आहे. पण जूनमध्ये एका संध्याकाळी पॉलिश पेपर उचलला आणि कोणता ऐंशी नंबरचा खरखरीत, कोणता एकशे वीसचा बारीक, ते न बघता बोटाला कळलं. मी कोणालाच काही बोललो नाही. दोन्ही कागद पुन्हा पुन्हा चाचपत बसलो.

आणि तुम्ही मला "अवजारं घेऊन या" म्हणालात, ते. थैलीत पटाश्या, कानस, रंधा घेऊन आलो तर गेटवर थांबवलं, ते सोडा. तुम्ही प्रत्येक मूठ माझ्या हातात धरून पाहिली. बारीक मुठींवर सायकलची ट्यूब गुंडाळायला लावली. तळव्यानं पटाशी रेटायची सवय सोडून लाकडी हातोड्यानं ठोकायला लावलं. घासायचं मशीन भाच्याकडे गेलं, कारण त्याची थरथर माझ्या नसेला चालत नाही. चाळीस वर्षांची सवय मोडायला त्रास झाला. काम हळू होतं आता. गेल्या वर्षीच्या निम्मेच नंदी झाले.

संत्रा बर्फी आणली तर तुम्ही डबा उघडून सगळ्या पेशंटना वाटली. पैशाचं तर नावच नको. म्हणून यंदा वेगळं केलं आहे. पोळ्याच्या आधी एक सागवानी नंदी तुमच्या टेबलाखाली ठेवून आलो आहे, वीतभर उंचीचा, चाकांचा. तुमच्याकडे ती लहान पोरं येतात ना, ज्यांची बोटं उघडत नाहीत, त्यांना ओढायला. मागचा डावा पाय किंचित जाड आहे. तो ऑपरेशननंतरचा पहिलाच नंदी, म्हणून तसाच ठेवला. चाकांना तेल दिलं आहे. दोरी मात्र जास्तीची बांधून ठेवली आहे, पोरं ओढून ओढून तोडतातच.

आपला,
नंदीवाला काका
महाल, नागपूर