त्या शुक्रवारची गोष्ट

नगर, रविवार दुपार

प्रिय शालू,

प्रभूत सप्रेम सलाम.

तुझे पत्र दिवाळीत आले आणि नाताळच्या करंज्या संपल्या तरी मी उत्तर लिहिले नाही, याबद्दल दोन शिव्या घाल आणि पुढे वाच. माझी साखर आटोक्यात आहे, ह्यांचा गुडघा होता तसाच आहे.

गेल्या रविवारी मी प्रभुभोजन घेतले. दुसऱ्या कोणाला सांगितले तर 'मग त्यात काय विशेष?' असे विचारतील. सहा वर्षांनी घेतले. आईच्या जुन्या चर्चच्या मंडळीत मागच्या बाकावर बसून नुसती गायने ऐकावीत एवढ्यासाठी गेले होते. कडा काढलेल्या पावाचे चौकोनी तुकडे असलेली थाळी समोर आली आणि सवयीने मी हात मागे घेतला, कारण आठवड्याच्या चुका कोणापुढे वाचलेल्या नव्हत्या. पाळकसाहेबांना माझे नावही ठाऊक नव्हते. ते थांबून म्हणाले, "घ्या ताई, तुमच्यासाठीच आहे." मग मनुकांच्या रसाची पेली धरून मी इतकी रडले, की शेजारच्या आजींनी रुमाल दिला आणि सांडेल म्हणून पेली काढून घेतली.

ते रडे निव्वळ आनंदाचे नव्हते, त्यात धास्ती होती. आपण दोघी होतो त्या मंडळीतली, शुक्रवारी मोठ्याने वाचायची चुकांची वही, पगाराची पावती दाखवून द्यायचा दशमांश, टिकली पुसल्याची खूण राहिली आहे का म्हणून कपाळाकडे जाणारी नजर. तुला काय सांगायचे! 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे' हे वचन भिंतीवर रंगवून बरोबर त्याच्याखाली हजेरीपट टांगणारी माणसे ती. आता हिशेब कोणी मागत नाही, तर मीच स्वतःकडे मागते. उपासना चुकली की संध्याकाळपर्यंत दार वाजेल असे वाटत राहते, आणि नाही वाजले तर वाटते, ही कृपा आहे की माझा आळस? 'तुला देव नको, हेडबाई हवी' असे तू म्हणालीस म्हणून स्वारगेटला बस सुटेपर्यंत आपण भांडलो होतो. तुझे बरोबर होते. (हे पत्र जावेला दाखवू नकोस.)

तेव्हा तू पंडिता रमाबाईंचा दाखला दिलास आणि मी 'त्या विदुषी, त्यांना शोभते' म्हणून तुला गप्प केले. पण बघ, १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या त्या बाईंनी दोन वर्षांच्या आत तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीनना बजावले, की पुरोहितांचे एक जोखड नुकतेच मोठ्या कष्टाने उतरवले आहे, तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही. तरी त्यांनी ख्रिस्त सोडला नाही. उलट बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडायचाच होता. मला याला किती वर्षे लागली ते मोजू नकोस.

मूळ गोष्ट अजून लिहिलेलीच नाही. चुलत बहिणीच्या हळदीकुंकवाला गेलीस म्हणून तुला मंडळीबाहेर काढायचे ठरले आणि हात वर करायला सांगितले, तेव्हा तू दाराकडे बघत होतीस, त्यामुळे तुला दिसले नसेल. माझा हात वर होता. डोक्यापर्यंत नव्हता, कानापर्यंतच होता. पण मोजताना तो धरला गेला. पुढच्या शुक्रवारी मी वहीतून 'सासूबाईंना उलट बोलले' एवढे वाचले. हाताबद्दल कुठल्याच शुक्रवारी लिहिले नाही, कारण तिथे ते पाप नव्हतेच. आणि मी बाहेर पडले तेव्हा पहिला फोन तुझा आला, तोही मी काही न बोलता गोड मानून घेतला.

थाळी समोर होती तेव्हा मला तो हात आठवत होता, आणि त्याच हातावर पावाचा तुकडा आला. देवाने मला क्षमा केली हे मी आता मानते. पण तुझ्या वाटची क्षमा त्याने परस्पर करून टाकली असे मानायला माझी छाती होत नाही.

नव्या घराचे छप्पर या पावसात गळले का? पिंकीला बारावीसाठी आशीर्वाद. संगमनेरला येईन म्हणते, पण तुझे उत्तर आल्यावर.

वही माळ्यावर सापडली. बंबात घालणार होते, पण तुला वाचायची असेल तर ठेवते. तसे कळव.

तुझी,
रूथ